वाघ म्हटलं तरी

बर्फ पडलेल्या दिवशी बनाया एका खड्ड्यात उतरला आणि आतला सिंह मारून आला. बायबलमधल्या शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या २३व्या अध्यायात एवढंच आहे. सिंह तिथं कसा पडला, खाली कुणी अडकलं होतं का, काही सांगितलेलं नाही. दिवस मात्र सांगितलाय. यहूदाच्या डोंगरांत बर्फ क्वचित पडतो, म्हणून लक्षात राहिला असेल. मला त्या ओळीत बनायाचे पाय दिसतात. तिकडे पाणी साठवायला असे खड्डे खणत. ओल्या दगडावरून टाच सरकतेय, खालून गुरगुर येतेय, आणि हा तरी उतरतोच आहे. कशाला?

दावीद राजाच्या शूरांची यादी आहे ती. शम्मा मसुरीच्या शेतात उभा राहिला, बाकीचे पळाले तरी. किल्ला नाही, खजिना नाही, मसूर! हे मला पटतं. लढता लढता एलाजाराचा हात तलवारीला चिकटून बसला. बनाया मानाने यादीतल्या तीस जणांहून वरचढ, पण पहिल्या तिघांच्या पंगतीला नाही. म्हणजे मानाचीही मापं होती, आणि कुणीतरी ती हातात घेऊन बसलं होतं.

परवापासून या यादीशी आजीची एक म्हण येऊन चिकटली आहे. वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो. आजी ती कुणाबद्दल म्हणायची ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तो माणूस दारात आला की पाट मांडून चहाही तीच द्यायची. मला तेव्हा म्हणीपेक्षा त्या ‘बा’चं नवल वाटायचं. खंडोबाला ‘बा’, विठोबाला ‘बा’, तुकोबांना ‘बा’. ते ठीक. पण कोल्होबा? त्याने कुठलं शेत राखलं? चांदोबाला तर कुणी भीतही नाही. सिंहाला मात्र ‘बा’ लागतच नाही, सिंहोबा म्हटलं तर पोरं हसतील. तो आपला वनराज, थेट पदवीधर. तिकडे पालघरच्या जंगलपट्टीत वारली लोक वाघदेवाला, म्हणजे वाघोबाला, पुजतात, लाकडावर वाघ कोरतात, वर सूर्य-चंद्र काढतात. त्यांना ही म्हण ऐकवली तर काय म्हणतील? वाघ खातो हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी ते ‘बा’ लावतातच. मग तो ‘बा’ वाघासाठी असतो, की लावणाऱ्याला ताठ चालता यावं म्हणून?

यादीच्या अगदी शेवटी, एकूण ३७ असं सांगण्याआधी, एक नाव आहे: उरीया हित्ती. त्याच्या बायकोशी दाविदाने संबंध ठेवला, आणि ते झाकायला त्याला लढाईवरून बोलावून घरी जा म्हणून सांगितलं. उरीया राजवाड्याच्या दाराशीच झोपला. सोबती उघड्यावर असताना मी घरी कसा जाऊ, असं त्याचं म्हणणं. मग स्वतःच्या मरणाचं पत्र त्याने स्वतःच सेनापतीकडे पोचवलं. वाघोबा म्हणणारा माणूस. खाल्लाच.

तो सेनापती यवाब. तो राजाला तोंडावर सुनवायचा. मेलेल्या मुलासाठी, अबशालोमासाठी, रडत बसलेल्या दाविदाला त्याने खडसावून बाहेर आणलं होतं. हाही काही सज्जन नव्हे, उरीयाला मरणाच्या तोंडी उभं केलं ते यानेच, आणि अबनेर व अमासा या दोन सेनापतींना तर त्याने दग्याने मारलं. यादीत त्याचे भाऊ आहेत, त्याचा शस्त्रवाहक आहे. तो नाही. त्याची हत्यारं वाहणाऱ्याला मान आणि त्याला नाही, हे वाचताना मला हसूही येतं आणि कसंसंही होतं. पुढे दाविदाच्या मुलाच्या, शलमोनाच्या, राज्यात तो देवाच्या मंडपात पळाला आणि वेदीची शिंगं धरून बसला. वाघ म्हणणारा. तोही गेला.

आणि त्याला मारायला पाठवलं बनायाला.

म्हण इथवर चोख बसते, आणि इथेच माझ्या हातातून सुटते. कारण बनाया काय म्हणायचा, वाघ की वाघोबा? आजीच्या म्हणीत खाणारा आहे आणि खाल्ला जाणारा आहे. वाघाच्या पंज्याला त्यात जागाच नाही. सिंहाच्या खड्ड्यात उतरताना त्याने कुणाला विचारल्याचं लिहिलेलं नाही. इथे मात्र तो मंडपात गेला, बाहेर ये म्हणाला. यवाब म्हणाला, नाही, इथेच मरेन. तेव्हा बनाया मागे फिरला आणि राजाकडे विचारायला गेला. राजा म्हणाला, तो म्हणतो तसं कर. मग परत मंडपात.

त्या एका खेपेपाशी मी अडकलो आहे. कधी वाटतं, बनायाच्या सबंध गोष्टीत त्याने केलेलं सगळ्यात मोठं काम तेच: हात उचलायच्या आधी मागे फिरला. कधी वाटतं, हुकूम पक्का करून घेतला, बस. उद्या कुणी विचारलं तर माझ्याकडे बोट नको. यवाबाची जागा पुढे त्यालाच मिळाली. आजी असती तर तिला विचारलं असतं. पण ती बहुधा म्हणाली असती, आधी चहा दे त्याला, थंडीतनं आलाय.