"इनव्हॅलिड इनपुट" म्हणजे नेमकं काय चुकलं?



आज धानावर नाही, फॉर्मवर लिहितो. आपल्या गोंदिया जिल्ह्यात धान आधी बांधीत पिकवायचा आणि मग मोबाईलवर सिद्ध करायचा, असे दिवस आलेत. ई-पीक पाहणी 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झाली. पीएम किसानची ई-केवायसी, महाडीबीटी, फार्मर आयडी, आधारभूत केंद्रावर धान विकायची नोंदणी, सगळं ऑनलाईन. साधारण धानाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये आहे. पण नोंदणी अडली तर तो भाव कागदावरच राहतो आणि धान जातो व्यापाऱ्याच्या काट्यावर.

आणि नोंदणी अडते कशानं? मागच्या हंगामातली गोष्ट. आमच्या गावातले एक काका, सत्तरी ओलांडलेले, एका डोळ्यानं दिसत नाही, दुसऱ्यात मोतीबिंदू. नातवाच्या मोबाईलवर फॉर्म भरला. सबमिट दाबलं की वर लाल अक्षरात एकच ओळ, "इनव्हॅलिड इनपुट". कोणता रकाना चुकला, पत्ता नाही. वरून भरलेलं सगळं पुसलं जायचं. तीनदा भरलं, तीनदा तेच. काका म्हणाले, "मी त सातबाऱ्यावरचंच टाकलो गा!"

खरंच तसंच टाकलं होतं. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं छापतात, म्हणजे 0.81.00. दोन टिंबं. त्या फॉर्मला एकच टिंब पाहिजे होतं, 0.81. बस, एवढंच. पण हे कळेपर्यंत चार दिवस गेले आणि मुदतीला दोनच उरले. कागदावर जसं छापून मिळालं तसंच माणसानं भरलं, त्यात त्याचं काय चुकलं?

त्या रकान्याखाली एवढं लिहिलं असतं तर काम झालं असतं: "क्षेत्र हेक्टरमध्ये लिहा. एकच टिंब द्या. उदा. 0.81".

माझ्या मते चुकीचा संदेश चार गोष्टींनी पुरा होतो. कुठं चुकलं, काय चुकलं, दुरुस्त कसं करायचं, आणि आधी भरलेलं जसंच्या तसं राहायला पाहिजे. तेही आपल्या मराठीत. नुसती लाल चौकट पुरत नाही, कारण लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी माणसं असतात. ज्यांना अजिबात दिसत नाही ते अँड्रॉइडच्या टॉकबॅकवर ऐकून फॉर्म भरतात. त्यांच्यासाठी संदेश अक्षरांत लिहिलेला पाहिजे आणि मोबाईलनं तो आपणहून वाचून दाखवला पाहिजे. आणि डोळे धड असले तरी रोवणीच्या दिवसात चिखलाच्या हातानं, भर उन्हात स्क्रीनवर काय दिसते ते आपल्याले माहीत आहे.

हे काही मी मनाचं सांगत नाही. वेबसाईट सगळ्यांना वापरता यावी म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यात चूक कुठं झाली ते अक्षरांत सांगणं ही अगदी पहिल्या पायरीची अट आहे. आपल्या सरकारी वेबसाईटसाठी 2009 पासून मार्गदर्शक तत्त्वं आहेत, तिसरी आवृत्ती 2023 ची. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा. आणि 30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं ई-केवायसीच्याच प्रकरणात सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे कलम 21 चा भाग आहे. म्हणजे ही मेहरबानी नाही, हक्क आहे.

तोवर आपण काय करायचं? एरर आली की पुन्हा पुन्हा सबमिट दाबत बसू नका. आधी स्क्रीनशॉट काढा, तारीख-वेळ लिहून ठेवा. कोणत्या रकान्यात काय भरलं तेही कागदावर टिपा. मग सेवा केंद्रात किंवा तालुका कृषी कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. "फॉर्म जात नाही" एवढंच म्हटलं तर कोणाले काही कळत नाही.

कृषी खात्यातल्या मित्रांनाही विनंती. करपा आला म्हटलं की तुम्ही विचारता, कोणत्या पानावर, ठिपका कसा, कधीपासून. फॉर्मचा रोगही तसाच विचारून घ्या आणि वर कळवा. एका गावात एक काका अडले, तर त्याच रकान्यात आठही तालुक्यांत किती जण अडले असतील, विचार करा.