लाटलेली नाणी

अमेरिकेत प्राणिसंग्रहालय, मत्स्यालय, एखाद्या गगनचुंबी इमारतीचा सज्जा अशा प्रेक्षणीय स्थळी गेले की, बाहेर पडण्याच्या वाटेवर पुष्कळदा एक काचेचे यंत्र उभे असते. त्यात पंचवीस सेंटांची दोन नाणी आणि एका सेंटाचे एक नाणे घालायचे व मूठ धरून चाक फिरवायचे, अशी त्याची जुनी रीत. आत पोलादाचे दोन रूळ असतात. एकावर त्या स्थळाचे चित्र उलटे कोरलेले असते. उसाचे कांडे चरकातून जावे तसे सेंटाचे नाणे त्या रुळांमधून जाते आणि लांबट, पातळ, अंडाकृती होऊन, अंगावर नवे चित्र घेऊन खाली पडते. मागील बाजूस कधी कधी अब्राहम लिंकन यांच्या मुखाची ताणलेली, पुसट छाया राहते. पन्नास सेंट यंत्राच्या मालकाला मिळतात आणि एक सेंट चलनातून कायमचा उठतो. तिकडे सेंटाला पेनी म्हणतात. आमची थोरली आत्या या वस्तूला ‘लाटलेली पेनी’ म्हणत असे. याहून नेमके नाव आम्हांला अद्याप सुचलेले नाही.

हा उद्योग अमेरिकेत पसरला तो १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनापासून. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेमुळे आपल्याकडे ते साल शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. नाणी लाटण्याची ही करमणूक मात्र कोणी सांगत नाही. पुढे संग्राहक तयार झाले आणि १९६६ मध्ये त्यांनी आपली संघटनाही स्थापन केली. सरकारी नाणे असे चिरडणे गुन्हा नव्हे काय, ही शंका प्रथम आमच्याही मनात आली होती. तेथील कायदा फसवणुकीच्या हेतूने नाणे बदलण्यास गुन्हा मानतो. तांबे महागल्यावर २००७ मध्ये पेनी वितळविण्यास बंदी करणारा नियम झाला, तेव्हाही करमणूक, स्मृतिवस्तू आणि दागिने यांना मुभा ठेवली गेली. आपल्याकडे २०११ च्या नाणे कायद्याने नाणे वितळविणे वा नष्ट करणे निषिद्ध केले आहे. लहानपणी रुळावर दहा पैशांचे नाणे ठेवून आगगाडीची वाट पाहणारी मुले आम्ही पाहिली आहेत. त्या जिवावरच्या खेळातून हाती येई ती केवळ एक कोरी चकती.

आत्या वसईहून परिचारिका म्हणून शिकागोला गेली आणि तिने सारी नोकरी तेथेच केली. तिच्या पैशांवर आम्हां भावंडांची शिक्षणे झाली, घराचे कौल जाऊन स्लॅब आली. निवृत्तीनंतर ती गावी परतली आणि चार वर्षांपूर्वी प्रभुचरणी विलीन झाली. तिच्या सोन्याची वाटणी एका तासात झाली; तराजूपुढे वादाला जागा नव्हती. खरा प्रश्न उभा राहिला तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यापुढे. त्यात दोनशे बारा लाटलेल्या पेनी होत्या. धाकट्या भावाचे मत, यांची किंमत काढावी, विकाव्यात आणि येईल ती रक्कम धर्मग्रामातील गरिबांसाठी द्यावी. यात वावगे असे काहीच नव्हते.

तेव्हा किंमत काढली. १९८२ च्या मध्यापर्यंतची पेनी पंचाण्णव टक्के तांब्याची, ३.११ ग्रॅम वजनाची. त्यानंतरची अडीच ग्रॅमची, आत जस्त आणि वर तांब्याचा नाममात्र मुलामा. ही नवी पेनी लाटली की मुलामा फाटून करडे चट्टे उमटतात, म्हणून जाणकार जुनी पेनी जपून नेऊन यंत्रात घालतात. जुनीतील तांबेच आज सेंटाहून अधिक मोलाचे आहे. पण दोनशे पेनींचे सारे तांबे मोडीत घातले तरी एका कुटुंबाचा महिन्याचा किराणा भरणार नाही. संग्राहकांच्या बाजारात १८९३ च्या अस्सल नगाला चांगली किंमत येते, यंत्रातून काढून टाकलेल्या जुन्या चित्रालाही थोडी अधिक. बाकी साधारण पेनी डॉलरभरात किंवा त्याहूनही कमी दरात मिळते, पुष्कळदा ढिगाने. एक्कावन्न सेंट घालून केलेली वस्तू फार तर घातलेले पैसे परत देते, आणि तेही गिऱ्हाईक भेटले तर. गुंतवणूक म्हणून कोणी हा छंद धरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पण डब्याच्या तळाशी एक वही होती. प्रत्येक पेनीला क्रमांक, तारीख, स्थळ आणि ‘सोबत’ असा एक रकाना. शेड मत्स्यालय, सोबत वॉर्डातील दोघी. नायगारा, सोबत केरळची मैत्रीण व तिची मुले. आणि वर्षातून एकदा, न चुकता, एकाच तारखेची नोंद: आमच्या गावच्या चर्चच्या सणाची तारीख. त्या दिवशी येथे बँड वाजे, अंगणात मांडव पडे, आत्याने पाठविलेल्या पैशांतून जेवणावळ होई. ती मात्र रजा घेऊन कधी सीअर्स टॉवरवर, कधी लिंकन पार्कच्या प्राण्यांत जाई आणि एक पेनी लाटून परत येई. त्या सगळ्या नोंदींपुढील रकान्यात दोनच शब्द होते: ‘कोणी नाही.’ असे सव्वीस सण आम्ही मोजले. वाचता वाचता धाकटा भाऊ उठून ओटीवर जाऊन बसला. विक्रीची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही, आम्हीही विचारले नाही.

वहीवाचून त्या पेनी म्हणजे दोनशे बारा तांबूस चकत्या. पेनीवाचून वहीलाही बाजार नाही. म्हणून दोन्ही एकत्र राहावीत एवढे ठरले. अपवाद केला तो प्रभूची प्रार्थना कोरलेल्या सात नाण्यांचा. ही पेनी तिकडे फार लोकप्रिय. अक्षरे इतकी बारीक की, चष्मा लावूनही ती उजेडाकडे तिरपी धरावी लागते. घरातील मुलांच्या प्रथम ख्रिस्तशरीराच्या वेळी देण्यासाठी आत्याने ती राखून ठेवल्याचे वहीतच लिहिले होते. त्यांतील तीन आतापर्यंत दिली गेली.

१२ नोव्हेंबर २०२५ रोजी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठी पाडलेली शेवटची पेनी निघाली. एक सेंट पाडण्यास साडेतीन सेंटांहून अधिक खर्च येऊ लागला होता. बातमी वाचून भाच्याने टोरांटोहून विचारले की, आता आजीच्या डब्याला भाव येईल काय? येणार नाही. सुमारे तीनशे अब्ज पेनी अजून लोकांच्या हाती आणि घरोघरच्या बरण्यांत पडून आहेत, आणि कित्येक यंत्रे आता स्वतःचीच कोरी चकती पुरवितात. त्याला तसे कळविले. सोबत वहीच्या पानांची छायाचित्रे पाठविली. नायगारा त्याच्या घरापासून फार लांब नाही. तेथील पेनीचा क्रमांक त्याने मागून घेतला आहे.