टेकडी सरकारची, वाट कोणाची?

पावसाळ्यात रविवारी सकाळी प्रताप नगर चौकातून बघा, पाठीवर सॅक बांधलेल्या मंडळींच्या गाड्या निघालेल्या दिसतात. कोणी रामटेककडे, कोणी हिंगण्याच्या पुढे, कोणी कोंढाळीच्या घाटाकडे. पोट्टे आहेत, रिटायर झालेले काका आहेत, दोन-चार वहिनीही असतात. चांगली गोष्ट आहे. माणसं चालताहेत, मोबाईल खिशात ठेवून झाडं बघताहेत.

पण ज्या पायवाटेनं आपण टेकडी चढतो ती कोणाची, आणि तिच्यावरून जायचा आपल्याला हक्क आहे का, हे कोणी विचारत नाही. मीही विचारलं नसतं, पण बातमीच्या निमित्तानं कागद बघावे लागले. जे दिसलं ते इथं लिहितो. पोस्ट मोठी आहे, पण टेकडीवर जात असाल तर वाचा.

आधी उत्तर सांगून टाकतो. ट्रेकर म्हणून आपल्याला असा कोणताच हक्क नाही. आपण गुराख्याच्या, कास्तकाराच्या आणि महादेवाला जाणाऱ्या गावकऱ्याच्या हक्कावर चालत असतो. त्यांची वाट बंद झाली की आपलीही झाली.

यंदा एका गावातून फोन आला. गावाचं नाव लिहीत नाही, प्रकरण अजून मिटायचं आहे. गावाच्या मागे छोटी टेकडी, वर महादेवाचं ठाणं. शिवरात्रीला अख्खं गाव वर जातं आणि रोज ढोरं त्याच वाटेनं चरायला जातात. पायथ्याचं वावर मूळ कास्तकारानं विकलं, शहरातल्या एकानं घेतलं आणि चारही बाजूंनी तारेचं कुंपण घातलं. वाट बरोबर त्या वावरातून जायची. आता तिथं लोखंडी गेट आहे आणि गेटला कुलूप.

गावातले एक म्हातारे गुराखी मला म्हणाले, "आमचा बुढा बी याच वाटेनं जाये. आता ढोरं का हवेतून नेऊ का जी?"

मी गेटवाल्या मालकांनाही भेटलो. माणूस वाईट नाही. ते म्हणाले, "साहेब, मी पैसे मोजून जमीन घेतली. सातबाऱ्यावर वाटेचा एक शब्द नाही. रविवारी लोक येतात, बाटल्या फोडतात, संत्र्याची कलमं उपटतात. तुमच्या बैठकीतून वीस माणसं चालत गेली तर चालेल का तुम्हाला?"

सातबारा पाहिला. त्यांचं म्हणणं खरं होतं, 'इतर हक्क' रकान्यात वाटेचा उल्लेखच नव्हता. गावनकाशावर मात्र एक तुटक रेघ आहे, गावठाणातून निघून थेट टेकडीपर्यंत गेलेली.

सारा घोळ इथंच आहे. टेकडी सरकारची, वावर खाजगी आणि मधली वाट कागदावर अर्धवट.

नागपूर जिल्ह्यात हे चित्र जागोजागी दिसेल. आपल्याकडच्या बऱ्याच टेकड्या आणि माळरानं महसुली कागदावर 'झुडपी जंगल' म्हणून लागलेली आहेत. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत ही भानगड आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जंगल हे वनच समजायचं, असा निकाल दिला. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी दिलेल्या जमिनींसाठी वेगळी सोय ठेवली. म्हणजे टेकडीच्या माथ्यावर प्लॉट पाडणं आता सोपं राहिलं नाही, आणि ते बरंच झालं. पण त्या निकालानं पायथ्याच्या खाजगी वावरातली वाट काही उघडत नाही. उद्या माथा हिरवागार राहील आणि तिथं जायला आपल्याला कोणाच्या तरी गेटवर हात जोडावे लागतील.

सह्याद्रीतही असंच आहे. जुलै २०२५ मध्ये बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले. सगळ्यांनी स्टेटस ठेवले, आपल्यालाही अभिमान वाटला. पण किल्ल्याच्या तटबंदीला कायद्याचं संरक्षण असतं, पायथ्याच्या गावातून भातखाचरांच्या बांधावरून वर जाणाऱ्या वाटेला तसं नसतं. ती वाट गावकऱ्यांच्या सवयीवर आणि भलेपणावर टिकलेली असते.

आता कायद्याकडे येऊ. आपल्या भागात ह्या विषयाचा कायदा जुना आणि चांगला आहे, हे मला कागद चाळतानाच कळलं.

वहिवाटीच्या हक्काचा कायदा, म्हणजे १८८२ चा सुविधाधिकार अधिनियम. तो सुरुवातीला देशातल्या तीनच भागांना लागू झाला : मद्रास, कुर्ग आणि आपला मध्य प्रांत, ज्याची राजधानी नागपूर होती. मुंबई इलाख्याला तो १८९१ मध्ये मिळाला. म्हणजे पुण्या-मुंबईच्या नऊ वर्षं आधी नागपूरच्या माणसाकडे हा कायदा होता. त्याच्या कलम १५ प्रमाणे आपल्या जमिनीसाठी दुसऱ्याच्या जमिनीतली वाट उघडपणे, भांडण न होता, हक्कानं आणि खंड न पडता वीस वर्षं वापरली असेल तर तो हक्क पक्का होतो. पण वाट अडवल्यापासून दोन वर्षांच्या आत कोर्टात जावं लागतं. "बघू, पुढच्या वर्षी बघू" म्हणत बसलात तर आजोबांच्या काळापासूनची वहिवाटही कामाला येत नाही.

दुसरा कायदा १९०६ चा, मामलेदार न्यायालय अधिनियम. शेतात किंवा चराईला जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडवली तर तहसीलदार तो अडथळा काढायला लावू शकतात. वकील लावून वर्षानुवर्षं भांडायची गरज नाही. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. आणि अर्ज करायचा तो कास्तकारानं किंवा गुराख्यानं. प्रताप नगरातून रविवारी फिरायला गेलेल्या माणसासाठी हे कलम नाही.

तिसरा कागद सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात विस्मरणात गेलेला : वाजिब-उल-अर्ज. नाव फारसी आहे, घाबरू नका. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १६५ म्हणतं की, जी जमीन किंवा पाणी सरकारच्या किंवा ग्रामपंचायतीसारख्या संस्थेच्या ताब्यात नाही, तिथं गावाच्या चालीरीतीनं पाणी नेण्याचा, मासेमारीचा आणि जाण्या-येण्याचा जो हक्क असेल तो जिल्हाधिकाऱ्यांनी नोंदवायचा. म्हणजे खाजगी जमिनीतून जाणाऱ्या गावाच्या वाटेची नोंद करायची जागा कायद्यातच आहे. नोंद कोणाला मान्य नसेल तर त्यानं एका वर्षात दिवाणी दावा करायचा. सरकारी पडीक जमिनीवरच्या चराई-सरपणाच्या हक्कांसाठी निस्तारपत्रक असतं, त्याचाच हा भाऊ समजा.

आणखी एक तारीख लक्षात ठेवा, ३१ मार्च १९५१. त्या दिवशी आपल्याकडची मालगुजारी गेली. त्या कायद्यात मालगुजाराकडून सरकारकडे काय काय आलं त्याची यादी आहे. जंगल, गवती जमीन, तलाव, बाजार, जत्रा, आणि त्यात पायवाटासुद्धा आहेत. कायदा लिहिणाऱ्यांनी पायवाटेला तलावाच्या आणि बाजाराच्या रांगेत बसवलं. ती सगळ्यांच्या उपयोगाची चीज आहे, हे त्यांना कळत होतं. आपण मात्र तिला वावराचा कोपरा समजून बसलो.

कोणी म्हणेल, जुन्या कागदांनी काय होते? मी नागद्वारकडे बोट दाखवतो. नागपंचमीच्या सुमारास आपल्या गल्लीतले किती लोक पचमढीला जातात? सातपुड्याच्या डोंगरदऱ्यांतून दिवसभराची पायपीट, वरून पाऊस, खाली चिखल. ती वाट व्याघ्र प्रकल्पातून जाते. एरवी तिथं कोणी तुम्हाला पाऊल टाकू देणार नाही. पण वर्षातले ते आठ-दहा दिवस वाट उघडते. दोन्ही राज्यांतून बसगाड्या लागतात, नागपूर-अमरावतीची मंडळं जंगलात चहा-जेवणाची सोय करतात. एवढ्या कडक जंगलात ही वाट टिकली, कारण पिढ्यान्‌पिढ्या लोक तिथून जात राहिले आणि प्रशासनाला ती चाल मानावी लागली. वापर थांबला असता तर आज कोणी विचारलंही नसतं.

बाहेरच्या देशांतही हे फुकट मिळालेलं नाही. इंग्लंडमध्ये डोंगराळ माळरानं जमीनदारांनी शिकारीसाठी राखून ठेवली होती. २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टरकडचे शेकडो कामगार मुद्दाम किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर चढून गेले. पाच जणांना तुरुंगात जावं लागलं. १९४९ मध्ये तिथं पायवाटांची नोंद करायचा कायदा झाला आणि २००० मध्ये मोकळ्या माळरानावर पायी फिरायचा हक्क मिळाला. नॉर्वेचा १९५७ चा कायदा मला आपल्यासाठी जास्त कामाचा वाटतो. पडीक डोंगरावर कोणीही चालावं, जमीन कोणाची का असेना. पण पेरलेल्या शेतात आणि घराच्या अंगणात शिरायचं नाही. स्कॉटलंडनं २००३ मध्ये हक्क दिला तो जबाबदारीनं वागण्याच्या अटीवर. म्हणजे चालणाऱ्याचा हक्क आणि शेतकऱ्याचं पीक, दोन्ही सांभाळता येतात.

म्हणून मला त्या गेटवाल्या मालकांचं म्हणणंही सोडून द्यावंसं वाटत नाही. फुटलेल्या बाटल्या मी स्वतः पाहिल्या. उपटलेली कलमंही पाहिली. ज्या म्हाताऱ्यानं पन्नास वर्षं त्या धुऱ्यावरून ढोरं नेली, त्यानं एक काडी मोडली नाही. नासधूस केली ती आपल्यासारख्या शहरातून गेलेल्यांनी, आणि कुलूप लागलं गुराख्याच्या वाटेला. मला सगळ्यात जास्त हेच टोचलं. हक्क त्यांचा, फायदा आपला, आणि आपल्या वागण्याची शिक्षाही त्यांनाच.

मग करायचं काय?

एक. तुमचं मूळ गाव टेकडीच्या पायथ्याशी असेल, तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल काढा आणि तहसीलमध्ये वाजिब-उल-अर्ज आणि निस्तारपत्रक मागा. सरळ मिळालं नाही तर दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज टाका. वाटेची रेघ दिसली तर फोटो काढून ग्रामपंचायतीत द्या.

दोन. मे २०२५ मध्ये महसूल विभागानं निर्णय काढला की, शेतरस्ते किमान तीन ते चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात व्हावी. टेकडीकडे जाणारी वाट बऱ्याचदा आधी पांधण असते, पुढं पायवाट होते. पांधणीची नोंद झाली की अर्धं काम झालं. महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे आपल्याच जिल्ह्याचे आहेत. टेकडीच्या, देवस्थानाच्या आणि चराईच्या पायवाटाही ह्याच मोहिमेत घ्या, ही मागणी नागपुरातून गेली पाहिजे. पायवाटेला चार मीटर नको, एक मीटर पुरे. पण नोंद हवी, म्हणजे जमीन घेणाऱ्यालाही आधीच कळेल आणि नंतर भांडण होणार नाही. आज फसतो तो तोही.

तीन. १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा असतात. तिथं वाटेचा ठराव घ्या. ठरावानं कुलूप उघडत नाही, पण तहसीलदारांपुढं गाव एका बाजूनं उभं आहे हे दिसतं.

चार, आणि हे आपल्या रविवारच्या ग्रुपसाठी. वावरातून जात असाल तर धुऱ्यावरून एका रांगेत चला. गेट उघडलं तर लावून घ्या. कचरा परत आणा. पिणारे सोबत असतील तर त्यांना घरी सोडून या. आणि गावात चहा प्या, दोन शब्द बोला. वाट कधी बंद झाली, कोणी केली, हे तिथंच कळतं आणि सहा महिन्यांची मुदत जायच्या आत कळलं तरच कामाचं.

त्या गावानं तहसीलदारांकडे अर्ज दिला आहे, मुदतीत. दोन्ही बाजूंना नोटीस निघाली. मालक म्हणतात, कुंपणाच्या कडेनं एक पट्टी सोडायला तयार आहे, पण लोक आत शिरणार नाहीत याची हमी कोण देणार? गावकरी म्हणतात, आम्ही देतो. गावाबाहेरून येणाऱ्यांची हमी गाव कशी देणार, हा प्रश्न त्यांनी माझ्याकडे बघून विचारला. त्याचं उत्तर गावाकडे नाही, प्रताप नगर, खामला, त्रिमूर्ती नगरातून निघणाऱ्या गाड्यांकडे आहे.

कुठं अशी वाट अडली असेल तर मला कळवा, गावाचं नाव आणि अडवल्याची तारीख नक्की सांगा. तारीख महत्त्वाची आहे.