कळफलक आणि काच

वरणगावी १९६४ साली आयुध निर्माणी उभी राहिली आणि तिच्या आधाराने नाना जिल्ह्यांतील माणसे या गावी येऊन वसली. त्यांत आमच्यासारखी ख्रिस्ती कुटुंबेही होती. ती पहिली पिढी आता एकेक करून प्रभुचरणी विसावत आहे. कोण कोठून आले, घरची सायंप्रार्थना कोणी चालू ठेवली, पहिला नाताळ कसा झाला, हे सारे त्यांच्याबरोबरच जाणार की काय, या चिंतेने त्यांच्या आठवणी लिहून ठेवण्याचे आम्ही योजिले.

घरात मुलाचा टॅबलेट होता. परंतु काचेवर बोट टेकवीत दोन ओळींचा निरोप लिहिता येतो. पानभर मजकूर नव्हे. शिवाय काचेवरचा कळफलक अर्धी जागा अडवितो. वृद्ध आत्याबाई सांगत जात आणि आम्ही अक्षरे शोधीत राहत असू; तेवढ्यात त्यांचा धागा तुटे. म्हणून आम्ही बाहेरचा कळफलक जोडला.

कृती अवघड नाही. कळफलकावरील जोडणीची कळ क्षणभर दाबून धरावी, टॅबलेटच्या सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ उघडावे व यादीतील नावावर बोट ठेवावे. काचेवर अंक दिसल्यास ते कळफलकावर टंकून एंटर दाबावे. 'ब्लूटूथ' हे दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड याचे टोपणनाव. आपण डेन लोकांस ख्रिस्ती केले, असे त्याने येलिंगच्या शिळेवर कोरविले आहे.

जोडणीनंतर मात्र अक्षरे इंग्रजीच उमटतात. त्यासाठी सेटिंग्जमध्ये बाहेरच्या कळफलकाची देवनागरी मांडणी निवडावी लागते. ती नसल्यास तशी सोय देणारे ॲप घ्यावे. 'इनस्क्रिप्ट' या मांडणीत स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या. जुन्या टंकयंत्रावर ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी उमटवावी लागे; येथे ती उच्चाराप्रमाणे नंतर येते. ख, पायमोड, र, वेलांटी, स, पायमोड, त: सात आघातांत 'ख्रिस्त' हे नाम पुरे होते. चार-सहा आठवड्यांच्या सरावाने बोटांना वाट सापडली. आता आत्याबाई थांबत नाहीत, आम्हीही थांबत नाही. मधूनच त्या विचारतात, "अरे, माझ्या आईचं नाव नीट लिहिलंस ना?"

या प्रश्नाने फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्मरण होते. त्यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले ते रोमन लिपीत, कारण देवनागरी खिळे तेथे नव्हते. मराठीवर एवढी प्रीती करणाऱ्या त्या धर्मगुरूंना आपला ग्रंथ तिच्या लिपीत छापलेला पाहता आला नाही.

वाचकहो, त्यांना जे लाभले नाही ते आज आपल्या घरातील मेजावर आहे. उणीव आहे ती ऐकून लिहिणाऱ्याची. आपल्या घरी कोणी वडीलधारे असतील, तर या रविवारी मिस्सा आटोपल्यावर त्यांच्यापाशी बसावे. कळफलक पुढे घ्यावा, आणि प्रथम त्यांच्या आईचे नाव विचारावे.