चाकांवरचं बिऱ्हाड, देवमाशांचा शेजार

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण म्हणतो. पण पलंग, शेगडी, फ्रिज, नळ आणि संडास असं सगळं घेऊन एखादं बिऱ्हाड रस्त्यावरून धावू लागलं तर? न्यूझीलंडमध्ये अशा गाडीला मोटारहोम म्हणतात. उन्हाळ्याच्या सुटीत तिथल्या सागरी रस्त्यांवर दर चार-सहा वळणांनंतर एक तरी समोरून येतेच. उन्हाळा म्हणजे अर्थात डिसेंबर-जानेवारी! पृथ्वीच्या खालच्या अंगाला ऋतूंचा सगळा उलटा कारभार.

ऑकलंडमध्ये स्थायिक झालेलं एक मराठी कुटुंब अशाच एका जानेवारीत दक्षिण बेटाच्या पूर्व किनाऱ्यानं निघालं. आई, बाबा, बारा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि दापोलीहून तीन महिन्यांसाठी आलेल्या आजी. वेलिंग्टनला मोटारहोम भाड्यानं घेतली. आजींनी आधी गॅसची शेगडी पेटते का ते पाहिलं, मग पिठाचे डबे कपाटात लावले. वळणावर कपाट उघडून डबे खाली येतात, हा धडा पहिल्याच तासात मिळाला. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा पलंग मुलांनी बळकावला. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूची, त्यामुळे चालवायची धास्ती नाही. धास्ती एकच, संडासाची टाकी डंप स्टेशनवर जाऊन रिकामी करण्याची. ते काम अर्थातच बाबांकडे!

गाडीसकट फेरीबोटीत चढायचं आणि साडेतीन तासांनी पिक्टनला उतरायचं. बोट शेवटी टोरी चॅनेल नावाच्या चिंचोळ्या खाडीतून जाते. या खाडीच्या काठी देवमासे कापून तेल काढण्याच्या जुन्या कारखान्याचे अवशेष आहेत. डोंगरावर टेहळणीला माणसं बसायची, देवमाशाचा फवारा दिसला की वेगवान बोटी सुटायच्या. १९६४मध्ये हा कारखाना बंद पडला आणि न्यूझीलंडमधली देवमाशांची शिकार संपली. त्यामागं भूतदया होती असं नाही. मारायला पुरेसे देवमासेच उरले नव्हते! समुद्री सस्तन प्राण्यांना संरक्षण देणारा कायदा आला तो १९७८मध्ये.

पिक्टनहून दक्षिणेला दीडशेएक किलोमीटरवर कैकोरा लागतं. माओरी भाषेत कै म्हणजे अन्न आणि कोरा म्हणजे शेवंड. कोकणातल्या माणसाला गाव आवडायला एवढं नाव पुरे. इथं समुद्राचा तळ किनाऱ्यापासून जवळच एकदम हजार मीटरहून खोल दरीत उतरतो. त्या दरीत स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशांना बारा महिने खाद्य मिळतं, म्हणून ते इथं टिकून आहेत. एकेकाळी हेही शिकाऱ्यांचंच गाव होतं. १८४२च्या सुमारास इथं देवमाशांच्या शिकारीचं ठाणं झालं. त्या काळातलं फाइफ हाउस अजून उभं आहे, आणि त्याच्या पायाला चक्क देवमाशांचे मणके आहेत.

पुढं १९८०च्या दशकात रेल्वेच्या नोकऱ्या गेल्या आणि गावावर बेकारीची कळा आली. तेव्हा इथल्या काही माओरी कुटुंबांनी घरं गहाण टाकली आणि १९८७मध्ये देवमासे दाखवणारी बोट सुरू केली. ज्या प्राण्याला मारून गाव वसलं, त्याला नुसतं बघायला लोक पैसे मोजतील, यावर तेव्हा किती जणांचा विश्वास बसला असेल! आज गावचं पोट त्या बोटींवर आहे.

बोटीवर देवमासा डोळ्यांनी नव्हे, कानांनी शोधतात. पाण्यात सोडलेल्या मायक्रोफोनमधून त्याची टकटक ऐकू येते. ती थांबली की तो वर येतोय. वर आला की दहाएक मिनिटं श्वास घेत लाकडाच्या ओंडक्यासारखा पडून राहतो. या वेळी कोणत्याही बोटीनं त्याच्यापासून किमान पन्नास मीटर दूर राहायचं, आणि तीनशे मीटरांच्या आत एका वेळी तीनपेक्षा जास्त बोटी नकोत, असा कायदा आहे. त्या दिवशी समुद्र खवळलेला होता. आई कागदी पिशवी तोंडाशी धरून बसलेली, मुलगा रडवेला. तेवढ्यात समोरचा ओंडका वाकला, शेपटी सरळ आकाशात उभी राहिली आणि आवाज न करता पाण्यात गेली. आजींचे हात आपोआप जोडले गेले.

कैकोराच्या उत्तरेला ओहाऊ पॉइंटला रस्त्यालगतच्या खडकांवर फर सीलची वसाहत आहे. १४ नोव्हेंबर २०१६च्या मध्यरात्रीनंतर इथं ७.८ रिश्टरच्या आसपासचा भूकंप झाला. डोंगर समुद्रात कोसळले, काही ठिकाणी समुद्रतळ कित्येक मीटर वर उचलला गेला, महामार्ग १५ डिसेंबर २०१७पर्यंत बंद राहिला. सीलची जुनी जागा दरडींखाली गेली. सील मात्र परत आले. आता नव्या कठड्यामागं गाडी लावून त्यांची काळीभोर पिल्लं बघत तास जातो.

ख्राइस्टचर्चच्या पुढचं कँटरबरीचं मैदान हिरवं, सपाट आणि, खरं सांगायचं तर, कंटाळवाणं आहे. त्या दुपारी सगळे झोपले, बाबा सोडून. ओमारूला मात्र थांबायलाच हवं. इथं दगडाच्या जुन्या खाणीत जगातले सर्वांत लहान पेंग्विन राहतात. जेमतेम किलोभर वजन, निळसर पाठ. अंधार पडला की ते टोळीनं पाण्यातून येतात आणि धडपडत चढ चढतात. फोटो काढायला बंदी आहे, आणि ते बरंच आहे. मोबाइल खाली ठेवलेली दोनशे माणसं चिडीचूप बसलेली हल्ली कुठं दिसतात? आजींना वेळास आठवलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या या गावात २००२पासून कासवांची अंडी राखली जातात, आणि पिल्लं समुद्राकडे निघाली की माणसं अशीच दोरीमागं उभी राहतात.

मोएराकीचे गोल दगड फोटोत दिसतात तेवढेच सुंदर आहेत. गर्दी फोटोत दिसत नाही. डनेडिनजवळच्या टायारोआ हेडला रॉयल अल्बट्रॉस घरटी करतात. पंखांचा पसारा तीन मीटर! लान्स रिचडेल या शिक्षकानं कुत्री-मांजरं आणि हुल्लडबाज यांच्यापासून राखण केली, तेव्हा कुठं १९३८मध्ये इथलं पहिलं पिल्लू उडालं. तिकीट महाग आहे, पण वारा असलेल्या दिवशी पैसे वसूल होतात. वारा नसेल तर हे पक्षी बसून राहतात.

त्याच्याही दक्षिणेला कॅटलिन्स. इथं एका किनाऱ्याचं नाव आहे सुरत बे! १८७४मध्ये ‘सुरत’ नावाचं जहाज या भागात फुटलं, त्यावरून पडलेलं. या वाळूत समुद्रसिंह लोळत असतात. शिकारीमुळं मुख्य बेटांवरून ते दीडशेहून अधिक वर्षं नाहीसे झाले होते. १९९३मध्ये एक मादी ओटागोच्या किनाऱ्यावर व्याली, आणि तिच्या लेकी-नातींनी पुन्हा संसार मांडला. वीस मीटरांवरून पाहायचं, हा नियम. मुलाला अजून थोडं पुढं जायचं होतं. एका नरानं मान वर करून जांभई दिली, दात दिसले, आणि प्रश्न आपोआप मिटला.

संध्याकाळी नगेट पॉइंट. दीपगृहाच्या अलीकडे रोअरिंग बे आहे. तिथं लाकडी आडोशात बसून पिवळ्या डोळ्यांच्या पेंग्विनची, म्हणजे होइहोची, वाट पाहायची. पाच डॉलरच्या नोटेवर याचंच चित्र आहे. नोटा भरपूर, पक्षी मात्र झपाट्यानं घटताहेत. रोगराई, समुद्रातला अन्नाचा तुटवडा, मासेमारीची जाळी, कुत्री आणि रानमांजरासारखे शत्रू, कारणं अनेक. त्यात हा पक्षी कमालीचा लाजाळू. किनाऱ्यावर माणूस दिसला की पाण्यातच थांबतो, आणि तिकडं झाडीत पिल्लू उपाशी राहतं.

त्या दिवशी सव्वा तास काही दिसलं नाही. मग लाटांत एक डोकं वर आलं. नेमकं त्याच वेळी दोघं प्रवासी पाटीकडे काणाडोळा करून वाळूत उतरले. डोकं दिसेनासं झालं.

“आजी, तो परत गेला?” नातवानं कुजबुजत विचारलं.

“नाही रे. ते जाईपर्यंत थांबलाय. पिल्लू आहे ना घरी.”

मुलीला राहवलं नाही. ती आडोशातून बाहेर आली, वरच्या वाटेवरूनच हात हलवून तिनं त्यांना पाटी दाखवली. दोघं ओशाळून वर आले आणि त्याच आडोशात, आजींच्या शेजारी, अंग चोरून बसले. आजींनी डब्यातली थालीपिठं त्यांच्यापुढं केली.

नऊ वाजून गेले तरी उजेड होता. फेसातून एक पक्षी उभा राहिला, पंख झटकले, इकडंतिकडं पाहिलं आणि भिजल्या वाळूवरून झाडीच्या दिशेनं चालू लागला.