पानिपतावर हरवलेल्यांचा पत्ता

दिल्लीच्या काश्मिरी गेटवरून बस सुटते आणि साधारण दोन तासांत कंडक्टर ‘पानिपत, पानिपत’ असा पुकारा करतो. आजूबाजूचे प्रवासी निवांत पेंगत असतात. मराठी माणूस मात्र सावरून बसतो. ज्या शब्दाचा आपल्या भाषेत सत्यानाश असाच अर्थ होऊन बसला, त्या नावाचा खरोखरचा बस अड्डा असतो, तिथे चहा-सामोसे मिळतात, हे पचायला जरा वेळ लागतो!

गाव तसं उद्योगी. दिल्लीपासून ९० किलोमीटरवर, जुन्या ग्रँड ट्रंक रोडला लागून. चादरी, सतरंज्या, ब्लँकेट यांचा मोठा बाजार. जगभरातले टाकून दिलेले लोकरी कपडे इथे गठ्ठ्यांनी येतात, त्यांचं पुन्हा सूत होतं आणि नवी ब्लँकेट विणली जातात. पचरंगा लोणच्याच्या बरण्या दुकानादुकानांत मांडलेल्या. इब्राहिम लोदीची कबर आहे, बाबराची काबुली बाग मशीद आहे, बू अली शाह कलंदरांचा दर्गा आहे. आणि मराठ्यांचं काय? शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर ‘काला अंब’.

रक्तानं माती काळी पडली आणि तिथला आंबाही काळा झाला, अशी आख्यायिका. तो आंबा केव्हाच वठला. आज तिथे विटांचा स्तंभ आहे, भोवती बाग आहे. दरवर्षी १४ जानेवारीला महाराष्ट्रातून माणसं येतात, हरियाणातली येतात, भाषणं होतात. २०२५ साली मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसही आले होते. गर्दी पांगली की काही जण स्तंभाजवळची चिमूटभर माती कागदाच्या पुडीत बांधून घेतात. कारण न्यायला दुसरं काही नाही. सदाशिवरावभाऊ, विश्वासराव, इब्राहिमखान गारदी ही नावं सगळ्यांना पाठ असतात. पण बाकीच्यांचं काय? १४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. त्या दिवशी इथे जी हजारो माणसं पडली, पकडली गेली, वाट फुटेल तिकडे पळाली, त्यांची यादी या मैदानावर नाही. अशी यादी कधी झालीच नाही.

मग ज्यांच्या घरात ‘आमचा एक पूर्वज पानिपतावर गेला होता’ असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं, त्यांनी त्याला शोधायचं कुठे?

घरातल्या कागदापासून

शोधाची सुरुवात पानिपतात करून उपयोग नाही. ती घरी करायची. अनेक घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत. ते चाळताना एखाद्या पिढीत एका नावापुढे ‘पानिपतावर पडले’ किंवा ‘पानिपतावर गेले, पुढे माहिती नाही’ एवढीच नोंद भेटते आणि वंशवृक्षाची ती फांदी तिथेच संपते. या दोन नोंदींत फरक आहे, हे आपण बहुधा लक्षात घेत नाही. ‘पडले’ म्हणजे कुणीतरी पाहिलं होतं, सांगायला परत आलं होतं. ‘माहिती नाही’ म्हणजे घरच्यांनी वाट पाहिली.

देशमुख, पाटील, कुलकर्णी अशा वतनदार घरांना आणखी एक वाट आहे. वतनाच्या भांडणात प्रत्येक पक्षाला आपला ‘करीना’, म्हणजे घराण्याची हकिगत, लिहून द्यावी लागे आणि निवाड्याचा ‘महजर’ होई. थोरला भाऊ पानिपतावर गेला म्हणून धाकट्यानं वतन चालवलं, असे तपशील यायचे ते अशा कागदांत. भाऊबंदकीला आपण नावं ठेवतो खरी, पण वंशावळी जपण्याचं काम तिनंच केलं!

पुढचा मुक्काम पुण्याचा. पुणे पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर म्हणजे सुमारे ३९ हजार रुमाल. रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं. गो. स. सरदेसाई यांनी त्यातून निवडलेले कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापले, त्यातला दुसरा खंड पानिपत प्रकरणाचा. त्याआधी १८९८ साली वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तोही पानिपतापर्यंतच्याच पत्रांचा. ही छापील पुस्तकं आधी पाहावीत. कारण मूळ कागद मोडीत आहेत आणि त्यांवरची सालं ‘इहिदे सितैन’ अशी अरबी शब्दांत असतात. इहिदे सितैन म्हणजे १७६०-६१. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. तोवर वंशावळ हा निवृत्तीनंतरचा छंद समजला जायचा. आता तरुण मुलंही आजोबांच्या ट्रंका उघडू लागली.

दफ्तरात नाव सापडायचं तर ते पैशाच्या वाटेनं. कोणत्या सरदाराच्या पथकात कोण शिलेदार, घोडं कुणाचं, देणं किती. लढाईत मेलेल्याच्या मुलाबाळांना सरकारातून ‘बालपरवेशी’ मिळे, ती ज्याच्या नावे लागली त्याच्या बापाचं नाव त्या नोंदीत येतं. पण इथे एक अडचण. त्या काळी आजच्यासारखी आडनावं सर्रास नव्हती. ‘रायाजी बिन संताजी, मौजे अमुक’ अशी माणसाची ओळख. गाव ठाऊक नसेल तर आडनावाची उतरंड कितीही रचा, हाती काही लागत नाही.

आणि ज्यांचा ना पगार ना वतन, त्यांचं काय? लष्कराबरोबर बाजारबुणगे होते, घोड्यांचे मोतद्दार होते, आचारी होते. उत्तरेतली तीर्थं घडतील म्हणून निघालेली म्हातारी माणसं आणि बायका होत्या. नाना फडणीस तेव्हा ऐन विशीच्या उंबरठ्यावर. ते स्वतः वाचले, त्यांची पत्नी सुखरूप परत आली, पण आई परतली नाही. ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहे, कारण मुलगा पुढे नाना फडणीस झाला आणि त्यानं ती लिहून ठेवली. बाकीच्या आयांची नावं तर वंशावळीतही नसतात. तिथे लिहिलेलं असतं, ‘कन्या २’.

मिळालेला माणूस खरा की खोटा?

हरवलेल्या माणसाची ओढ किती विलक्षण असते, याचा पहिला दाखला खुद्द पेशव्यांच्या घरातला. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडितानं भाऊसाहेबांचं शव ओळखल्याची हकिगत लिहून ठेवली आहे. पण ते शिर नसलेलं धड होतं. पुण्यात पार्वतीबाईंनी ते मानलं नाही. त्या सौभाग्यलेणी लेवून राहिल्या, १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत. तब्बल बावीस वर्षं!

या वाट पाहण्याचा फायदा घेणाराही निघालाच. कनोजकडचा सुखनिधान नावाचा माणूस ‘मीच भाऊसाहेब’ म्हणून उभा राहिला. पकडला गेला, तुरुंगात पडला, तिथून सुटला आणि १७७६ मध्ये कोकणात त्यानं चांगलंच बंड माजवलं. भलीभली माणसं त्याला मिळाली. त्याच वर्षी पुण्यात त्याला देहदंड झाला. जनकोजी शिंद्यांचाही तोतया निघाला होता. रोहतकजवळ सांघी गावात एक नाथपंथी डेरा आहे. भाऊसाहेब लढाईतून निसटले आणि तिथे साधू होऊन राहिले, असं तिथले लोक आजही श्रद्धेनं सांगतात.

म्हणूनच पूर्वज शोधणाऱ्यानं पानिपत परिसरात फिरताना कान उघडे ठेवावेत आणि मन जरा आवरावं. तिथे भेटणारी सगळ्यात मोठी गोष्ट रोड समाजाची. कर्नाल, कुरुक्षेत्र, कैथल, पानिपत या जिल्ह्यांत रोड शेतकऱ्यांची शेकडो गावं आहेत. लढाईनंतर जे मराठे परत फिरू शकले नाहीत ते इथल्या जंगलात लपले, ओळख लपवून ‘रोड’ म्हणून राहिले आणि आपण त्यांचे वंशज, असं त्यांच्यातले अनेक जण मानतात. कोल्हापूरचे इतिहास अभ्यासक डॉ. वसंतराव मोरे यांनी हा विचार मांडला आणि गेल्या पंचवीसेक वर्षांत तो चांगलाच रुजला. २०२१ मध्ये टोकियोत नीरज चोप्रानं भालाफेकीचं सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा पानिपत जिल्ह्यातल्या खंडरा गावचा हा रोड मुलगा महाराष्ट्रात रातोरात ‘आपला’ झाला.

कागद मात्र वेगळं बोलतात. १८८१ च्या जनगणनेच्या अहवालात डेंझिल इबेटसन या अधिकाऱ्यानं रोडांविषयी लिहिलं आहे. तेव्हा ते स्वतःला मूळचे रजपूत सांगत, ठाणेसरच्या दक्षिणेचं अमीन हे त्यांचं मुख्य गाव होतं. लढाईला तेव्हा जेमतेम १२० वर्षं झाली होती, तरी मराठ्यांचा उल्लेख नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासातही रोडांचं नातं वायव्येकडच्या लोकांशी जवळचं दिसलं. अख्खा समाज मराठ्यांचा, हे म्हणणं या पुराव्यापुढे टिकणं कठीण आहे. पण लपलेला एखादा जखमी बारगीर त्यांच्यातल्या कुणाच्या घरी वाढलाच नसेल, असंही कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. काला अंबच्या कार्यक्रमात हरियाणवी पागोटं बांधलेले म्हातारे ‘जय भवानी’ म्हणतात. ते ऐकताना तोतयाची आठवण काढणं जिवावर येतं, हे खरं. ती काढावी लागते, हेही खरं.

तपासायला एक चांगलं साधन तिथेच आहे. जुन्या पंजाबात इंग्रजांनी जमिनीची पाहणी केली, तेव्हा प्रत्येक गावातल्या जमीनमालकांचा ‘शजरा नसब’ तयार झाला. म्हणजे चक्क सरकारी वंशवृक्ष. कर्नाल-पानिपतकडचे शजरे १८७० च्या दशकातल्या पाहणीत नीट लिहिले गेले. तेव्हाचा साठीतला मालक घेतला, तर १७६१ चा माणूस त्याच्या आजोबा-पणजोबाच्या पिढीचा ठरतो. पिढ्यांची साखळी तिथवर जाते की नाही, हे पाहता येतं. भाषा मात्र उर्दू. मोडी जाणणारा मराठी आणि उर्दू वाचणारा हरियाणवी एका टेबलाशी बसल्याशिवाय हे काम पुढे सरकणार नाही.

वहीत लिहिलेली माणसं

उत्तरेतल्या तीर्थांवर याहून जिवंत साधन आहे. पंड्यांची बही. हरिद्वारला हर की पौडीच्या आसपास जा आणि मूळ गाव सांगा. कोणत्या पंड्याकडे तुमचा मुलूख आहे ते कुणीही दाखवतं. पंडा लांबट वही उलगडतो, गाव काढतो, जात काढतो आणि आजोबा, पणजोबा केव्हा आले होते, बरोबर कोण होतं, कुणाच्या अस्थी आणल्या होत्या हे वाचून दाखवतो. खाली सह्या असतात. नाशिकच्या रामकुंडावरचे तीर्थोपाध्याय ठेवतात त्या नामावळीचंच हे मोठं रूप. अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळी संस्थेनं १९७७ पासून हरिद्वारच्या बह्यांची मायक्रोफिल्म करायला घेतली, इतकं त्यांचं मोल.

पानिपतच्या आजच्या रहिवाशांना हे सांगावं लागत नाही. १९४७ साली इथले बहुतेक मुसलमान पाकिस्तानात गेले. कवी हालींचं आणि पुढे सिनेमावाल्या ख्वाजा अहमद अब्बास यांचं हे गाव. त्यांच्या मोहल्ल्यांत झंग, मुलतानकडून आलेली हिंदू-शीख कुटुंबं राहू लागली. त्यांची मूळ गावं सरहद्दीपलीकडे राहिली, तिथले कागद तिथेच राहिले. हिंदू घरांचे पूर्वज मिळाले ते हरिद्वारच्या बहीत, मुलतानच्या पानावर.

मग मराठे? ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुरा जिंकल्यावर भाऊसाहेब यात्रेकरूंसह कुरुक्षेत्राकडे निघाले होते. तरावडीच्या आसपास असतानाच अब्दाली बागपतजवळ यमुना उतरल्याची बातमी आली आणि लष्कर माघारी पानिपताकडे वळलं. कुरुक्षेत्र एका मजलेवर राहिलं. ती मजल झाली असती, तर त्या बायकांची, म्हाताऱ्यांची, आचाऱ्यांची नावं गावासकट पंड्यांच्या वह्यांत चढली असती. अडीच महिन्यांनी काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे.

कुरुक्षेत्राच्या पश्चिमेला सुमारे २७ किलोमीटरवर पेहोवा आहे, पुराणातलं पृथूदक. सरस्वतीच्या काठचं हे तीर्थ अपमृत्यू आलेल्यांच्या पिंडदानासाठी प्रसिद्ध आहे. इथेही पंडे बह्या ठेवतात. जुनं पान मिळालं नाही तरी नवी नोंद करता येते. सगळ्यात वर हयात माणसाची सही, मग बापाचं, आजोबाचं नाव, असं मागे मागे जात जिथवर पोचता येईल तिथवर.

पानिपतहून कुरुक्षेत्राला रेल्वेनं साधारण दीड तास लागतो, तिथून पेहोव्याला बस मिळते. १४ जानेवारी साधून जाणार असाल तर धुक्यामुळे गाड्या तासन्‌तास रखडतात, एक दिवस हाताशी जादा ठेवावा. आधार कार्डावरचा पुण्या-मुंबईचा पत्ता पंड्याच्या उपयोगाचा नाही. मूळ गाव, तालुका आणि ठाऊक असलेल्या सगळ्या पिढ्या स्वच्छ अक्षरात लिहून न्याव्यात. घरातल्या बायकांची नावं धरून.