अंगठा

हळद शिजली की नाही, हे घड्याळ सांगत नाही. वाफेच्या ड्रमात अर्धा-पाऊण तास पुरे, असं यंत्रवाला सांगतो आणि ढोबळमानानं ते खरंही असतं. पण गड्डा जाड असला, काढून दोन दिवस जास्त झाले असले, बॉयलरखालचं लाकूड ओलं निघालं, की दर ड्रमाचा हिशेब बदलतो. शेवटी झाकण उघडावंच लागतं. एक हळकुंड घ्यायचं, फुंकर घालत या हातातून त्या हातात नाचवायचं आणि अंगठ्यानं दाबायचं. कच्चं असेल तर ते अंगठ्याला उलटं रेटतं. जास्त झालं असेल तर साल सुटून लगदा होतो. या दोहोंच्या मधली जागा फार लहान आहे. तिथं काडी टोचली तर आरपार जाते, पण हळकुंड आपला आकार सोडत नाही.

ती जागा ओळखायला मला वीस वर्षं लागली. आमच्या तात्यांना ती कधी सापडली कोण जाणे. मला आठवतंय तेव्हापासून त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख पिवळंच होतं.

आमचं रान वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठाला. चारी बाजूंनी ऊस. उसाला कारखाना आहे, तोडणारी टोळी आहे, बिल आज ना उद्या येतं. हळदीचं तसं नसतं. अक्षय तृतीयेच्या सुमाराला लागण, मग नऊ महिने ती जमिनीत. बायका म्हणतात तसं ते बाळंतपणच. अडीच-तीन महिन्यांनी भरणी करायची, म्हणजे उघड्या पडू लागलेल्या गड्ड्यांना माती लावायची. उघडा राहिलेला गड्डा हिरवा पडतो आणि कंदमाशी तिथंच अंडी घालते. तात्या भरणीला मजूर लावायचे, पण सरीच्या शेवटी उभे राहून दर गड्ड्याकडं बघायचे. कुठं पिवळं टोक दिसलं की खाली बसून ओंजळीनं माती ओढायचे. झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण सारावं तसं.

हळदीत एक घराणंच असतं. मधला जेठा गड्डा, त्याच्या बगलेत फुटलेले अंगठे, अंगठ्यांना लागलेली हळकुंडं. आणि एक सोरा गड्डा. बेणं म्हणून लावलेला जुना गड्डा सगळं पीक पोसूनही पुष्कळदा कुजत नाही. काढणीत तो परत हाताला लागतो, काळपट, मुळ्यांनी वेढलेला. त्याला भाव कमी, पण तो टाकत नाहीत; शिजवून, वाळवून तोही विकला जातो. सत्तरी ओलांडल्यावर तात्या स्वतःला सोरा गड्डा म्हणायला लागले. आईला ते आवडत नसे.

पूर्वी आम्ही काहिलीत शिजवायचो. गुळाचीच काहील, खाली चर खणलेली चूल, वर हळदीचाच पाला अंथरून गोणपाटानं झाकलेलं. फेस वर यायचा. उग्र, मातकट वास हळूहळू फिरून गोडसर व्हायचा. वास फिरला की तात्या उठायचे. अंगठ्यानं दाबायचे आणि ते हळकुंड चुलीपलीकडं बसलेल्या आईकडं टाकायचे. मग हातानं खूण करायचे आणि गडी काहील उतरायला धावायचे. शिजवताना आतला पिष्टाचा भाग एकजीव होतो, रंग गाभ्यापर्यंत सारखा पसरतो, म्हणूनच पुढं पंधरा दिवसांच्या उन्हात हळद एकसारखी वाळते. हे मला कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्रात एका मेळाव्यात कळलं. घरी येऊन मी ते उत्साहानं सांगितलं. तात्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग आपुन आजपतुर काय करत हुतो?’ त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. आपण करतो त्याला शास्त्रात काय म्हणतात, याची त्यांना फार ओढ होती.

पाच क्विंटल ओली हळद शिजवून वाळवली की जेमतेम एक क्विंटल हातात येते. वाळलेलं हळकुंड मोडताना धातूसारखा आवाज आला पाहिजे. तात्या पोत्यात हात घालून दोन हळकुंडं एकमेकांवर वाजवायचे, देवळातली घंटा ऐकावी तसे ऐकायचे आणि मगच पोत्याचं तोंड शिवू द्यायचे.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना ते मला हरिपूरला घेऊन गेले होते. सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं गाव. तिथल्या चिवट मातीत पेवं होती. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड आणि आत रांजणासारखं पोट. वर्षानुवर्षं ठेवली तरी आतल्या हळदीला कीड लागायची नाही. भाव येईपर्यंत माल जमिनीखाली. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. आतली हवा कोंडून विषारी झालेली असते. आधी तोंड उघडं ठेवायचं, मग कंदील सोडायचा. कंदील विझला तर थांबायचं. त्या दिवशी तो दोनदा विझला. तिसऱ्यांदा तळापाशी जळत राहिला आणि त्या उजेडात मला खाली पिवळा ढीग दिसला. एवढी हळद मी एका जागी पुन्हा कधी पाहिली नाही.

2005 च्या महापुरात त्या पेवांत पाणी शिरलं. कितीतरी पेवं ढासळली आणि हरिपूरची ती रीत त्यानंतर जवळजवळ संपलीच. ‘पेव फुटणं’ आपण सहज बोलून जातो. पतसंस्थांचं पेव फुटलं, क्लासेसचं पेव फुटलं. 2010 साली हळदीला कधी नव्हे तो भाव आला तेव्हा लागवडीचंही असंच पेव फुटलं आणि पुढच्या दोन वर्षांत भाव पार तळाला गेला. पण खरंखुरं पेव फुटताना काय होतं, ते ज्यांनी पाहिलं ते हा शब्द जपून वापरतात. तात्या तो वापरतच नसत.

2019 च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आमचं रान कितीतरी दिवस पाण्याखाली होतं. पाणी ओसरल्यावर सरीत पाय घातला तर गड्डे बोटांतून निसटत होते. कंदकूज. घरात बेण्यापुरतीही हळद उरली नाही. आईचं माहेर सातारा जिल्ह्यात, वाईकडं. तिथंही हळद पिकते, कृष्णेच्याच पाण्यावर, पण उगमाजवळच्या. पुढच्या लागणीचं बेणं मामांच्या घरून आलं. पोती उतरवताना आईनं प्रत्येकात हात घालून पाहिलं. माहेरची हळद तिनं न विचारता निवडायला घेतली, तेव्हा तात्या बाजूला उभे राहिले. मला वाटलं, थकले असतील.

तात्या गेले ते 2023 च्या फेब्रुवारीत, ऐन काढणीत. पहाटे बॉयलरपाशी शेकोटी करून बसले होते. मी चहा घेऊन गेलो तर मान छातीवर कललेली. आमच्याकडं अंत्यविधीला ‘माती’ म्हणतात. ‘माती कितीला हाय?’ असं फोनवर विचारतात. तात्यांची माती अकराला होती. त्यांना न्हाऊ घालताना मी त्यांच्या हाताला साबण लावत राहिलो. अंगठ्याचं पिवळेपण निघालं नाही, आणि ते निघावं असं मला वाटतही नव्हतं. मग कुणीतरी त्यांच्या पायाचे अंगठे सुतळीनं एकत्र बांधले. चितेला जी लाकडं गेली, ती बॉयलरसाठी रचलेल्या बाभळीतलीच होती. ती त्यांनीच फोडून घेतली होती.

त्यांना उचलण्याआधी भावकीतल्या दोन म्हाताऱ्या आईकडं सरकल्या. काय करायचं ते ठरलेलंच होतं. कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, जोडवी काढायची. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं हे सगळं बंद करण्याचा ठराव मे 2022 मध्ये केला होता आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनीही तसं करावं असं परिपत्रक काढलं होतं. आमच्या गावानं ते वाचलं असेल, केलं काहीच नव्हतं. मी पुढं झालो, पण मला शब्द सुचेना. आईलाच सुचले. ‘पन्नास वरसं हळद उकरली म्या,’ ती म्हणाली. ‘लगीन व्हायच्या आधी माहेरात उकरत हुती. कुक्कू बी त्याच हळदीचं. ते ह्येंच्यासंगं आलं न्हवतं.’ म्हाताऱ्या गप्प बसल्या. त्यांतल्या एकीनं, जिचं कपाळ तीस वर्षं मोकळं होतं, आईचा हात धरला आणि सोडलाच नाही.

काढलेली हळद थांबत नाही. तीन-चार दिवसांत शिजली नाही तर तिची प्रत उतरते. पाचव्या दिवशी अर्ध्या एकराचा ढीग पाल्याखाली तसाच होता. पैऱ्यातली माणसं न बोलावता आली. कुणीतरी सुतकाचं काढलं. सुतकात चूल पेटवत नाहीत. आई म्हणाली, ‘ही चूल घरातली न्हाई, रानातली हाय,’ आणि पदर खोचून ड्रमापाशी येऊन बसली.

पहिला ड्रम मीच उघडला. वाफ तोंडावर आली. हळकुंड काढलं, फुंकर घातली, दाबलं. कळेना. दुसरं काढलं. ते शिजलंय असं वाटलं, मग नाही असं वाटलं. गडी माझ्याकडं बघत उभे होते. माझा हात आपोआप चुलीपलीकडं वळला, तात्यांचा वळायचा तसा, आणि मी ते हळकुंड आईकडं टाकलं.

तिनं ते झेललं. मधोमध मोडलं, दोन्ही तुकडे उजेडाकडं धरले, गाभ्यातला रंग पाहिला, नाकाशी नेलं. मग एका तुकड्यावर अंगठा दाबला. तिच्या नखाकडं मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं.

‘अजून जरा,’ ती म्हणाली. ‘ह्येंचं नेहमी पाच मिनटं आधीच व्हायचं.’

गड्यानं बॉयलरखाली आणखी दोन ओंडके सारले. आम्ही झाकण लावलं आणि वाट बघत बसलो.